वाचताना मागे काय लावू?

मंडळी, वाचताना मागे काही लावायचं तर माझा एकच नियम : शब्द नकोत. गाण्यातले आणि पुस्तकातले शब्द एकाच दारातून आत शिरायला बघतात, आणि हरतं ते पुस्तकच! म्हणून किशोरकुमार स्वयंपाक करताना. वाचताना १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली'... शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. इथे शिराळ्यात पावसाळ्यात तर तीही लागत नाही, पत्र्यावरचा पाऊस पुरतो.

आईपुढे मात्र हा नियम चालायचा नाही. श्रावणात ती 'नवनाथ भक्तिसार' मोठ्यानं वाचायची. अध्याय ४०, आणि माझी कादंबरी त्याच पानावर! गोरक्षनाथांचं देऊळ गावचंच, तक्रार तरी कुणाकडे करणार?

दोन वर्षांपूर्वी तिची नजर गेली. घर शांत झालं, अगदी माझ्या नियमाला हवं तसं. आणि माझं वाचनच होईना. बासरी लावून पाहिली, पावसानंही भागेना.

आता श्रावणात पोथी मी वाचते, मोठ्यानं. शब्द अडखळला की आई पलंगावरून पुढचा सांगते. सगळं पाठ आहे हो तिला! मागे काय लावायचं, हा प्रश्न त्या तासाभरात पडत नाही.