पारख आणि अबोला

फुटबॉल हा आमचा विषय नव्हे. परंतु परीक्षेंतले गुण निराळे आणि मुलाची खरी पारख निराळी, हें मास्तरकींत आम्हांस पुष्कळदां कळून आलें. म्हणूनच पीटर टेलर या इंग्रज खेळाडूची हकीकत आमच्या मनांत घर करून राहिली आहे.

टेलर हा धंदेवाईक गोलरक्षक. १९५५ सालीं तो मिडल्सब्रो संघांत आला, तेव्हां ब्रायन क्लफ नांवाचा तरुण तेथें मागें पडलेला होता. त्याचें तेज टेलरनें ओळखलें व भेटेल त्यास सांगितलें. पुढें क्लफनें त्या संघासाठीं लीगच्या २१३ सामन्यांत १९७ गोल केले!

१९६२ च्या डिसेंबरांत गुडघा जायबंदी होऊन क्लफचें खेळणें जवळजवळ संपलें. १९६५ सालीं हार्टलपूल्स संघाचा व्यवस्थापक होतांच त्यानें टेलरला बोलाविलें. आणि बर्टन आल्बियनची स्वतंत्र जागा सोडून टेलर दुय्यम जागीं गेला. क्लफनें बोलावें, टेलरनें खेळाडू हेरावे, अशी वांटणी. १९६७ सालीं डर्बी संघाकडे आल्यावर एकोणीस वर्षांच्या रॉय मॅकफार्लंडला या जोडीनें रात्रीं घरीं जाऊन गांठलें आणि झोंपेंतून उठवून त्याची सही घेतली. (इतकी घाई आमच्याकडे मुलीचें लग्न जमवितांनाही कोणी करीत नाहीं.) १९७२ सालीं डर्बी लीगविजेता झाला. पुढें नॉटिंगहॅम फॉरेस्ट या साधारण संघानें, या दोघांच्याच हाताखालीं, १९७९ व १९८० असा लागोपाठ दोनदां युरोपियन कप जिंकला.

१९८२ सालीं टेलर निवृत्त झाला खरा, पण कांहीं महिन्यांतच डर्बीचा व्यवस्थापक म्हणून परतला. १९८३ मध्यें फॉरेस्टचा जॉन रॉबर्टसन त्यानें क्लफला न कळवितां आपल्याकडे घेतला. झालें! अठ्ठावीस वर्षांचा स्नेह तेवढ्यावर तुटला. हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. एका शाळासोबत्यास लिहावयाचें पत्र आम्हीं नऊ वर्षें उद्यांवर ढकलीत आलों, आणि आतां तें पाठविण्यास पत्ताच उरला नाहीं.

१९९० च्या ऑक्टोबरांत टेलर मायोर्का बेटावर वारला. तोंवर दोघांचें बोलणें झालें नव्हतें. क्लफ अंत्यविधीस गेला, आणि १९९४ सालीं निघालेलें आत्मचरित्र त्यानें टेलरलाच अर्पण केलें. क्लफ २००४ सालीं गेला. २०१० सालीं डर्बीच्या मैदानाबाहेर पुतळा बसविला, तो मात्र दोघांचा एकत्र आहे.