भूक, भांग आणि न विचारलेला प्रश्न

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत जठर लहान होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याबरोबर भूकही लहान होते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. ‘स्लीव्ह’ पद्धतीच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकला जातो आणि एक अरुंद नळी तेवढी उरते. काढलेल्या भागात जठराचा वरचा घुमटही असतो. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होते. जपानच्या मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी १९९९ मध्ये ते शोधून काढले. शस्त्रक्रियेनंतर घ्रेलिन घटते, तर आतड्यातून स्रवणारी, तृप्तीचा निरोप देणारी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरके जेवणानंतर अधिक प्रमाणात वाढतात. म्हणूनच पहिल्या काही महिन्यांत पुष्कळ रुग्णांना घड्याळ पाहून जेवावे लागते.

परंतु भूक एकच नसते. ‘पोट भरलं, पण मन भरलं नाही’ असे मराठीत सहज म्हटले जाते. या वाक्यात शरीरशास्त्राचा एक मोठा भेद दडलेला आहे. शरीराला ऊर्जा हवी असते ती एक भूक, आणि खाण्यातले सुख हवे असते ती दुसरी. शस्त्रक्रियेचा परिणाम दोन्हींवर होतो, पण सारखा नाही. पहिलीला ती चांगलाच आवर घालते. दुसरी काही काळ शांत राहते आणि कालांतराने पुन्हा डोके वर काढू शकते. भांग आणि गांजा यांचा संबंध विशेषेकरून या दुसऱ्या भुकेशी येतो.

या वनस्पतीतील टीएचसी हा मुख्य मादक घटक १९६४ मध्ये इस्राएलमधील राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तो मेंदूतील ज्या रिसेप्टरवर जाऊन बसतो, त्या सीबी-१ ची जनुकीय ओळख १९९० मध्ये पटली. निसर्गाने हे कुलूप गांजासाठी घडवलेले नव्हते, हे उघडच होते. तेव्हा शरीराची स्वतःची किल्लीही असणार. ती १९९२ मध्ये सापडली आणि संशोधकांनी तिला संस्कृत ‘आनंद’ या शब्दावरून ‘आनंदामाइड’ असे नाव दिले. या व्यवस्थेचे मूळ काम किती खोलवरचे आहे, हे २००१ मधील एका प्रयोगातून दिसले. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लांमध्ये सीबी-१ रिसेप्टर औषधाने अडवला, तेव्हा पिल्लांनी दूध ओढणे सोडले आणि त्यांतील बहुतेक दगावली. सस्तन प्राण्याची पहिली ओढ, आईच्या दुधाची, याच वाटेने जागी होते.

टीएचसी याच वाटेवर शिरते. २०१४ मध्ये उपाशी उंदरांवर झालेल्या अभ्यासात असे आढळले की, मेंदूच्या गंधकेंद्रातील सीबी-१ चेतवला गेल्यावर वास अधिक तीव्रतेने जाणवतो आणि खाणे वाढते. २०१५ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी त्याहून विलक्षण गोष्ट दाखवली. हायपोथॅलॅमसमधील ज्या चेतापेशी एरवी ‘आता पुरे’ असा निरोप धाडतात, त्याच पेशी कॅनाबिनॉइडच्या प्रभावाखाली खाण्याला चालना देऊ लागतात. घ्रेलिन कमी झालेले असले, तरी हा मार्ग मोकळाच असतो.

भारतात ही माहिती फार जुनी आहे. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात भावमिश्राने भंगेला पाचक आणि अग्नी वाढवणारी म्हटले आहे. ती मोहही वाढवते, हेही त्याने तिथेच नोंदवले आहे. १८३९ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजातील विल्यम ओशॉनेसी याने एका कुत्र्याला चरस देऊन निरीक्षणे लिहून ठेवली. कुत्रा पेंगुळला, शेपूट हलवत राहिला आणि त्याने अधाशासारखे खाल्ले. पुढे दीडशे वर्षांनी याच गुणाचे औषध झाले. अमेरिकेत कृत्रिम टीएचसीला कर्करोगाच्या औषधोपचारातील मळमळीसाठी १९८५ मध्ये, तर एड्सच्या रुग्णांची मंदावलेली भूक वाढवण्यासाठी १९९२ मध्ये मान्यता मिळाली. वजन घटत चाललेल्या रुग्णाला जे वरदान ठरते, तेच वजन घटवण्यासाठी जठर कापून घेतलेल्या रुग्णाच्या पदरी पडले, तर काय होईल?

समजा, भिलाईच्या वैशाली नगरात राहणारा एक मराठी गृहस्थ आहे. पोलाद कारखान्याच्या नोकरीमुळे विदर्भातून तिकडे गेलेल्या कुटुंबांपैकी त्याचे एक कुटुंब. मधुमेह आणि गुडघेदुखीमुळे त्याने शस्त्रक्रिया करून घेतली, वर्षभरात वजन उतरले आणि होळी आली. शेजारच्या घरून भांग घातलेल्या थंडाईचा पेला पुढे झाला. असा प्रसंग छत्तीसगडात किंवा अवघ्या उत्तर भारतात काही जगावेगळा नव्हे. या पेल्याकडे तो ‘नशा’ म्हणून पाहत नाही. त्याच्या दृष्टीने तो सणाचा प्रसाद असतो.

त्या पेल्यात त्याच्यासाठी एकाहून अधिक अडचणी असतात. पहिली साखरेची. गॅस्ट्रिक बायपास झालेल्या माणसाने एकदम गोड पेय घेतले, तर ते वेगाने लहान आतड्यात उतरते आणि अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, चक्कर, पोटात कळा असा त्रास होऊ शकतो. त्याला ‘डम्पिंग’ म्हणतात. भांगेनेही छाती धडधडते. त्यामुळे नेमके काय बिनसले, हे घरच्यांना कळत नाही. दुसरी अडचण वेळेची. तोंडाने घेतलेल्या टीएचसीचा परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. काहीच झाले नाही असे वाटून दुसरा पेला घेतला जातो. तिसरी अडचण त्यानंतर चाळवलेल्या भुकेची. लहान झालेले जठर पोळी-भाताला अडवते, पण रबडी, आइस्क्रीम, गोड सरबत यांना ते फारसे अडवत नाही. ठेठरी आणि खुरमीसारखे तळलेले पदार्थही थोडेथोडे करत तासभर तोंडात टाकले, तर उतरून जातात. एका वेळी भरपेट जेवता येत नसले, तरी दिवसभर चरता येते. शस्त्रक्रियेने घटलेले वजन परत येण्याची ती एक परिचित वाट आहे.

वर्षातून एका पेल्याने शस्त्रक्रिया वाया जात नाही, हेही तितकेच खरे. प्रश्न निर्माण होतो तो सवय जडल्यास. या बाबतीत मद्याचा धडा डोळ्यांसमोर आहे. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर आणि अधिक प्रमाणात चढते. २०१२ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात मद्यविकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी ७.६ टक्के होते, ते शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झाले. पहिल्या वर्षी ही वाढ दिसली नव्हती. वजन उतरल्याचे कौतुक ओसरते, जेवणातला जुना विसावा परत मिळत नाही, आणि त्या रिकाम्या जागी दुसरे काही येऊन बसू शकते.

चिलमीतून ओढल्या जाणाऱ्या गांजाची गोष्ट आणखी वेगळी. आपल्याकडे त्यात बहुधा तंबाखू मिसळलेला असतो, आणि बायपासनंतर जठर व आतडे जिथे जोडलेले असते, त्या सांध्यावर व्रण होण्याच्या ठळक कारणांत धूम्रपान मोडते. भुकेचा हिशेब बाजूला ठेवला, तरी तेवढ्याच कारणासाठी चिलीम दूर ठेवावी लागते.

येथे विज्ञानाचा एक चकवा समोर येतो. २०११ मध्ये अमेरिकेतील दोन मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणांची आकडेवारी तपासली गेली. वर्षभरात गांजा न घेतलेल्यांत लठ्ठपणाचे प्रमाण २२ आणि २५ टक्के होते. आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस घेणाऱ्यांत ते १४ आणि १७ टक्केच निघाले. मग गांजा भूक वाढवतो की वजन घटवतो? अशा सर्वेक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे पहिले उत्तर. दुसरे उत्तर रिसेप्टरमध्ये सापडू शकते. रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूत सीबी-१ रिसेप्टरची उपलब्धता घटलेली असते आणि सुमारे महिनाभर गांजा बंद ठेवल्यावर ती पूर्वपदावर येते, असे २०१२ मधील मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासात आढळले. रोज वाजणाऱ्या घंटेकडे कानाडोळा होतो, अवचित वाजलेली घंटा दचकवते. ही उपपत्ती बरोबर असेल, तर ‘मी काय रोज घेतो?’ असे म्हणणाऱ्याचीच भूक अधिक चाळवते. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवरचे अभ्यास अद्याप थोडे आणि छोटे आहेत. सुरुवातीच्या काळात वजन घटण्यात त्यांना फारसा फरक दिसलेला नाही. मात्र २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५० रुग्णांच्या एका अमेरिकी पाहणीत, शस्त्रक्रियेनंतर अलीकडे गांजा वापरलेल्यांत खाण्यावरचा ताबा सुटल्याची भावना अधिक आढळली.

गांजा सीबी-१ चे दार उघडत असेल, तर ते बंदच का करू नये? हा प्रयोगही होऊन गेला. रिमोनाबांट या औषधाने सीबी-१ अडवला, वर्षभरात वजन चार-पाच किलोंनी अधिक उतरले, आणि २००६ मध्ये युरोपात ते बाजारात आले. परंतु ते घेणाऱ्यांत नैराश्य, चिंता आणि आत्महत्येचे विचार वाढल्याचे दिसले. २००८ मध्ये युरोपात त्याची विक्री थांबली, आणि २००९ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. खाण्याची ओढ आणि जगण्याची गोडी यांची वाट काही अंतरापर्यंत एकच आहे, हे त्यातून कळून चुकले. ‘आनंद’ हे नाव निव्वळ अलंकारिक नव्हते.

सर्वांत गंभीर गोष्ट उलट्यांची आहे. दीर्घकाळ गांजा घेणाऱ्या काहींना वारंवार अनावर उलट्या होतात आणि गरम पाण्याने अंघोळ केल्यावर तेवढ्यापुरते बरे वाटते. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन केले. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांची कारणे निराळी असू शकतात, जसे की अरुंद झालेला मार्ग, व्रण किंवा आतड्याचा पीळ. डॉक्टर ती कारणे शोधत राहतात. उलट्या लांबल्या तर शरीरातील थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, संपत जाते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी रुग्णाने न सांगितलेली एक गोष्ट फार महागात पडते.

आणि ती सांगितली जात नाही, यामागे कारणे आहेत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस गुन्ह्याच्या कक्षेत आणले. शेंड्यांवाचूनची नुसती पाने मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली, आणि भांगेचे नियमन राज्यांच्या कायद्यांकडे गेले. म्हणून ‘काही नशापाणी करता का?’ असे डॉक्टरांनी विचारले, की गांजा ओढणारा भीतीने नाही म्हणतो, आणि भांग पिणारा अगदी प्रामाणिकपणे नाही म्हणतो. वास्तविक रुग्णाची गुपिते राखण्याचे बंधन वैद्यकीय आचारसंहितेने डॉक्टरांवर घातले आहे, आणि स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनग्रस्ताला, प्रकरण अल्प प्रमाणाचे असल्यास, खटल्यापासून संरक्षण देणारे ६४-अ हे कलम त्याच कायद्यात आहे.

प्रश्न नीट विचारण्याची परंपरा या भूमीला नवी नाही. १८९३-९४ मध्ये भारतीय भांग-गांजा आयोगाने देशभर १,१९३ साक्षी नोंदवल्या. आज वैशाली नगर जिथे आहे, तो मुलूख तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता, आणि त्याच प्रांतातील खांडवा हे गांजाच्या लागवडीचे केंद्र होते. आयोगाच्या प्रश्नावलीत हे पदार्थ पचनाला साहाय्य करतात का, असा प्रश्न होता. त्यांनी पचन बिघडते किंवा भूक मरते का, हाही प्रश्न होता. उत्तर दोन्ही बाजूंनी येऊ शकते, हे गृहीत धरून आयोगाने ते विचारले होते.

आजच्या दवाखान्यातही तेवढेच हवे आहे. भूल देण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाला गांजा-भांगेविषयी विचारावे, अशी शिफारस अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या एका संस्थेने २०२३ मध्ये केली. आपल्याकडे तो प्रश्न ‘नशा’ या शब्दावाचून विचारला पाहिजे: होळीला, महाशिवरात्रीला भांग घेता का? गोळी, थंडाई की चिलीम? तंबाखू मिसळता का? शेवटचे केव्हा घेतले? रुग्णानेही शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर, न विचारता, एवढे सांगून टाकावे. जठराचे माप शल्यचिकित्सक ठरवतो. मेंदूतील भुकेचे माप मात्र रुग्णाच्या सांगण्यावाचून त्याला कळत नाही.