पेटी एक, गाड्या चार

आमच्या संसारात आजवर चार दुचाक्या आल्या, पण मागची पेटी एकच राहिली. आम्ही म्हणजे नवरा-बायको. एकजण शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, दुसरी परकर-ब्लाऊज शिवून आठवडी बाजारात विकते. राहणे उमरगा तालुक्यात, धाराशिव जिल्हा, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद. मुरूम, लोहारा, जळकोट, नळदुर्ग ही आमची फिरतीची गावे. एसटी मिळाली तरी ज्या विहिरीवर मोटार जळली ती विहीर काही एसटीच्या थांब्यावर नसते. म्हणून दुचाकी घ्यावी लागली, आणि दुचाकी आली तसा सामान कुठे ठेवायचे हा प्रश्न आला.

पेटी १९९६ साली पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतली. लांबी १८ इंच, रुंदी १४, उंची १२. कामाच्या दिवशी आत पाने, मल्टिमीटर, तांब्याची तार, बेअरिंग पुलर. बाजाराच्या दिवशी हत्यारे काढायची, आतून चादर घालायची आणि शिवलेले कपडे भरायचे. तेलाचा डाग परकराला लागू नये म्हणून ती चादर.

तेव्हा घरात जुनी घेतलेली बजाज एम-८० होती. दूधवाल्यांची लाडकी गाडी, ओझ्याला वाघ! पेटी मागच्या सीटवर ठेवून ट्यूबच्या रबराने आवळायची, अशीच सगळीकडे रीत होती. पण पेटी सीटवर बसली की दुसऱ्या माणसाला जागा उरत नाही. मग बाजाराच्या दिवशी एकाने गाडीवर जायचे आणि दुसरीने काळी-पिवळीत दाटीवाटीने. जाऊन-येऊन भाडे गेले की दोन परकरांचा नफा तिथेच संपायचा. आणि काळी-पिवळी भरल्याशिवाय सुटत नाही, तोवर बाजारातली चांगली जागा दुसऱ्याने धरलेली असायची. वाचक भगिनींना हे वेगळे सांगायला नको.

पुढे २००३ मध्ये हिरो होंडाची सीडी-१०० आली, तीही जुनीच. ती घेऊन आम्ही वेल्डिंगवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पेटीकडे पाहिलेच नाही. म्हणाले, “ताई, पेटी कुठंबी बसवतो. तुमी कुठं बसनार ते आधी सांगा. बसा बरं गाडीवर.” दोघांना गाडीवर बसवून त्यांनी सीटवर खडूने रेघ मारली आणि त्या रेघेच्या मागे कॅरिअर वाढवायला घेतले. त्या दिवसापासून काळी-पिवळीचे भाडे वाचले.

सांगायचा मुद्दा असा की, पेटी गाडीला बसत नसते. गाडीला बसते ते कॅरिअर, आणि ते प्रत्येक गाडीचे निराळे. कुठे मागच्या पकडदांडीच्या बोल्टात ते अडकवता येते, कुठे शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या बोल्टाचा आधार मिळतो. बोल्टांमधले अंतर एका गाडीचे दुसऱ्या गाडीला जुळत नाही. मिस्त्रींनी जुन्या वहीचा पुठ्ठा सीटमागे धरून त्यावर भोकांच्या खुणा घेतल्या, पुठ्ठा पट्टीवर ठेवला आणि मग ड्रिल लावले. चेसिसला त्यांनी वेल्डिंग केले नाही, सगळे नट-बोल्टावर. चेसिस तापवली की तिथली ताकद जाते, आणि उद्या गाडी बदलली तर कॅरिअर सोडवता येत नाही.

२०१२ मध्ये स्प्लेंडर घेतली तेव्हा एका शहरातल्या दुकानातून ‘सगळ्या गाड्यांना चालते’ असे सांगून दिलेली तयार पातळ प्लेट बसवली होती. महिनाभरात जळकोटच्या अलीकडे, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, ती भोकापाशी चिरली. मागे बसलेलीच्या पाठीला पेटीचा कोपरा टोचला म्हणून कळले. मागून ट्रक येत होता. पेटीवरून एक पट्टा कॅरिअरला वेगळा बांधलेला होता, तेवढ्यावर ती लोंबकळत राहिली. रस्त्याच्या कडेला उतरून पाहिले तर मधे काही पॅकिंगच नव्हते, लोखंडावर लोखंड घासत होते. गाडीच्या थरथरीने आधी नट सैल होतो, मग प्लेट हलते, मग भोकाच्या कडेला चीर पडते. आता आम्ही जाड पट्टी, रुंद वायसर, खाली रबर आणि आपोआप न सुटणारे नायलॉनचे नट वापरतो. नवीन बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरने एकदा सगळे आवळून पाहतो. पट्टा अजूनही असतोच.

वजनाचे गणितही सांगून टाकतो, कारण लोक तिथे फार चुकतात. पेटीत २० किलो भरले तर मागच्या चाकावर २० किलोच येतील असे वाटते. तसे होत नाही. पेटी मागच्या चाकाच्या दांड्याच्याही मागे लटकते, म्हणून ती तराजूसारखी पुढचे चाक उचलते. दोन चाकांतले अंतर सव्वा मीटरच्या आसपास आणि पेटीचा मध्य दांड्याच्या मागे ३० सेंटिमीटर धरला, तर पुढच्या चाकावरचे सुमारे ५ किलो वजन उचलले जाते आणि मागच्यावर २५ पडते. हँडल हलके होते, खड्ड्यात डुगडुगते, तुळजापूरच्या घाटात वळताना तर पोटात गोळा येतो. म्हणून जड हत्यारे आम्ही पेटीत ठेवत नाही. ती दोन बाजूंच्या पिशव्यांत, खाली, दोन्हीकडे सारखी. पेटीत मल्टिमीटर, तार, कागद, डबा. कॅरिअरला कंपनीने वजनाची मर्यादा ठरवलेली असते, ती गाडीच्या पुस्तकात बघावी. बहुतेकांचे पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच आलेले नसते!

सरकारी नियमही आता आहे. केंद्र सरकारने २०२० मध्ये मोटारसायकलवरच्या हलक्या पेटीची मापे ठरवली: लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० आणि उंची ५०० यांच्या आत. पेटी मागच्या माणसाच्या जागेवर असेल तर गाडीवर फक्त चालवणारा. त्या जागेच्या मागे असेल तर दुसऱ्याला बसता येते. आमची पेटी मिलिमीटरमध्ये मोजली तर साधारण ४६०, ३६० आणि ३०५ भरते. मिस्त्रींची खडूची रेघ आणि दिल्लीचा नियम एकच निघाला, याचे आम्हाला फार हसू आले. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी साडीची जाळी मात्र आधीपासूनच नियमात आहे. पेटीच्या पट्ट्या बसवताना काही ठिकाणी ती जाळी काढून फेकतात. तायांनो, तसे करू देऊ नका. पदर चाकात जायला क्षण पुरतो.

शेजारच्या वहिनींच्या जुन्या ॲक्टिव्हाला पेटी बसवताना निराळीच गंमत झाली. तिच्या पेट्रोलचे झाकण सीटखाली. सीटची बिजागरी पुढे, उचलायची मागून. पेटी चार बोटे पुढे आली होती, तर सीटच उघडेना. कॅरिअर मागे सरकवावे लागले.

चौथी गाडी मुलाची, २०२१ सालची पल्सर. मागे उंच होत गेलेली सीट आणि दोन तुकड्यांची पकड. सपाट जागा नावाला नाही. तिच्यासाठी तयार कॅरिअर मिळते, पण त्यावर आमची पेटी ठेवून पाहिली तर ती पाठीच्या वर, खांद्यापाशी आली. एका बाजूने बसणाऱ्या बाईला चढता-उतरता येईना. शिवाय मुलगा म्हणाला, “आई, पेटी लावली की गाडी दूधवाल्याची दिसते.” त्यावर घरात दोन दिवस बोलणे चालले. दूधवाल्याच्या गाडीने तुझी फी भरली, असे एकाने ऐकवलेही. पण गाडी त्याची, कामही त्याचे. तो आता वडिलांबरोबर मोटारींचे काम शिकतो आहे. त्याच्या गाडीला लहान फायबरची पेटी लावली, मल्टिमीटर आणि पावतीपुस्तक मावेल एवढी. पत्र्याची पेटी स्प्लेंडरवरच राहिली.

परवा लोहाऱ्याच्या बाजाराला निघताना त्याने स्प्लेंडरच्या कॅरिअरचा एक नट बोटांनी फिरवून पाहिला. जरासा फिरला. काही न बोलता त्याने दहाचा पाना मागितला आणि चारही नट आवळले. मग दोघांना बसायला सांगून मागचे चाक मडगार्डला घासते का, ते खाली वाकून पाहिले.