चोर्ल्याचा घाट आणि डॅशबोर्डवरचे दिवे

बेळगावहून गोव्याला जाणारा एक रस्ता पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ला घाटात उतरतो. कणकुंबीत मलप्रभेचा उगम. पुढे दाट जंगल, वळणे आणि पावसाळ्यात धुके. मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही. म्हणून डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर दिवा लागला, तर घाटात शिरायचे की नाही हे कणकुंबीच्या अलीकडेच ठरवावे.

आधी रंग पाहावा. ऑइलच्या झारीचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, की सुरक्षित जागी थांबून इंजिन लगेच बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये, वाफेने भाजते. ऑइलचा दिवा लाल असताना ‘गॅरेज जवळच आहे’ म्हणत गाडी रेटली, तर इंजिन जाम होते.

पिवळा दिवा थोडी सवड देतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. टिळकवाडी ते खडेबाजार अशा छोट्या फेऱ्यांत तो पुरेसा तापत नाही, काजळी साठते आणि दिवा लागतो. घाट उतरतानाही इंजिनावर भार नसतो. त्यापेक्षा आधी पुणे-बंगळूर महामार्गावर पंधरा-वीस मिनिटे, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या वेगाने गाडी न थांबवता चालवावी. तरीही दिवा विझला नाही किंवा गाडी ओढेनाशी झाली, तर गॅरेज गाठावे.

कन्नडमध्ये ‘निधान’ म्हणजे सावकाश, मराठीत ठेवा. घरची माणसे गाडीत असताना दोन्ही अर्थ सांभाळावेत.