शिष्यवृत्तीवरचे नाव

तुमच्या घरी ज्याला वजीफा म्हणतात, त्यालाच मराठीत शिष्यवृत्ती म्हणतात. मी शाळेत शिकवत होते, तेव्हा शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेण्याचे काम माझ्याकडे असे. मोठे कटकटीचे काम! कोणाचा दाखला नसे, कोणाच्या वडिलांची सही राहून जाई. एकदा सातवीतल्या एका मुलीने अर्ज हातात घेऊन विचारले, "बाई, पैसे तर सरकार देते. मग वर सावित्रीबाई फुल्यांचे नाव कशाला?"

मी म्हणाले, "त्या मुख्याध्यापिका होत्या. ज्यांना कोणी शाळेत घेत नव्हते, त्यांना त्यांनी शिकवले. त्यासाठी अंगावर शेण झेलले."

शेणाचे नाव निघाले आणि मला दुसऱ्या एका मुख्याध्यापिकेची आठवण झाली. त्यांचे नाव प्रुडन्स क्रँडल. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात कँटरबरी नावाचे गाव आहे. तेथे १८३१ साली त्यांनी मुलींची शाळा काढली. गोऱ्या, सधन घरांतल्या मुली तेथे शिकत. शाळेचे नाव झाले. गावकरीही खूश होते.

पुढच्या वर्षी सारा हॅरिस नावाची मुलगी त्यांच्याकडे आली. ती एका काळ्या शेतकऱ्याची मुलगी होती. तिला शिक्षिका व्हायचे होते. आपल्या लोकांच्या मुलांना शिकवायचे होते. प्रुडन्सबाईंनी तिला वर्गात बसवले. झाले! पालक चिडले. तिला काढा, नाहीतर शाळा बुडेल, असे त्यांना बजावण्यात आले. बुडाली तर बुडू दे, पण तिला काढणार नाही, असे बाईंचे उत्तर होते.

गोऱ्या मुली शाळा सोडून गेल्या. तेव्हा बाईंनी काय केले असेल? १८३३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी तीच शाळा काळ्या मुलींसाठी उघडली. बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा दूरच्या शहरांतून सुमारे वीस मुली आल्या. दुकानदारांनी त्यांना सामान विकणे बंद केले. शाळेच्या विहिरीत कोणी शेण टाकले. मग बाईंच्या वडिलांच्या शेतावरून पाणी आणावे लागे. मे महिन्यात राज्याने कायदाच केला: गावाच्या परवानगीवाचून परराज्यातल्या काळ्या मुलांना शिकवायचे नाही. जूनमध्ये बाईंना अटक झाली आणि एक रात्र त्या तुरुंगात राहिल्या. खटले चालले. वरच्या न्यायालयात खटला रद्द झाला, पण ९ सप्टेंबर १८३४ च्या रात्री जमावाने शाळेवर हल्ला करून खिडक्या फोडल्या. आता मुलींच्या जिवाला धोका होता. बाईंनी शाळा बंद केली.

तो कायदा १८३८ साली रद्द झाला. बाई तोवर ते राज्य सोडून गेल्या होत्या. १८८६ साली त्याच राज्याने त्यांना वर्षाला ४०० डॉलर निवृत्तिवेतन मंजूर केले. तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते! १९९५ साली राज्याने त्यांना आपली वीरांगना म्हणून जाहीर केले. सरकारला उशिरा जाग येते, हे काही आपल्याकडेच घडते असे नाही.

हे सारे मी वर्गाला सांगितले. मुली गप्प बसून ऐकत होत्या. मग मी आणखी एक गोष्ट सांगितली. ती आजवर कोणाला सांगितली नव्हती.

माझी नोकरी नवी होती. खाणीवर दगड फोडणाऱ्या एका बाईने आपली मुलगी माझ्या वर्गात आणून बसवली. मुलगी हुशार होती. पाढे तर एका दमात म्हणे. आठवडाभरात काही पालक आले. आमच्या मुलींजवळ तिला बसवू नका, म्हणाले. मी त्यांना काहीच बोलले नाही. मुलीला मात्र मागे, दाराजवळ, एकटीला बसवले. दोन दिवस ती तेथे बसली. तिसऱ्या दिवशी आली नाही. हजेरी घेताना मी तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करीत राहिले. महिना संपल्यावर तिचे नाव पटावरून कमी केले. खाण शाळेपासून दहा मिनिटांच्या वाटेवर होती. मी एकदाही गेले नाही.

वर्गात कोणी बोलेना. थोड्या वेळाने त्याच सातवीतल्या मुलीने विचारले, "बाई, त्या साराचे पुढे काय झाले?"

मी सांगितले, "तिचे लग्न झाले. पहिली मुलगी झाली, तिचे नाव तिने प्रुडन्स क्रँडल ठेवले."

"आणि तुमच्या वर्गातल्या त्या मुलीचे?"

मला उत्तर देता आले नाही. तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. मग खाली मान घालून ती अर्जावर आपले नाव लिहू लागली.