आईच्या नावावर फाडलेलं बिल

पुणे,
रविवार

ती. अक्कास,


तुझं पत्र पोचलं. सुनेसमोर फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहिलंस, आणि सगळं एका दमात लिहिलंस. ती नोकरीवर गेली, पोर सांभाळणाऱ्या बाईच्या हाती राहिलं, त्याच्या हातात मोबाइल आला, त्यात ती गोवर-रुबेलाची लस टोचून आणली, आणि आता डॉक्टर म्हणतात स्वमग्नता (ऑटिझम). कारणं चार दिलीस, पण चारही कारणांचं बिल फाडलंस एकट्या सुनेच्याच नावावर. हे बिल फार जुनं आहे गं. कुणी कुणी फाडलं ते सांगतो.

डोनाल्ड ट्रिप्लेट हा अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावातला मुलगा. जन्म १९३३चा. अगदी लहानपणीच बायबलमधलं तेविसावं स्तोत्र घडाघडा म्हणायचा, पण जवळ कोण आलं, कोण गेलं याची दखल घ्यायचा नाही. भांडी, झाकणं, जे हाताला लागेल ते जमिनीवर गरगर फिरवत बसायचा. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याला एका संस्थेत ठेवलं. तिथल्या प्रमुखाचा विरोध असताना आईवडिलांनी साधारण वर्षभराने त्याला घरी आणलं. वडील वकील होते. त्यांनी बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉ. लिओ कॅनर यांना मुलाची सगळी हकिगत टाइप करून पाठवली, ३३ पानं! कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा स्वमग्न मुलांवर जो निबंध छापला, त्यातला पहिला मुलगा म्हणजे हा डोनाल्ड. त्या काळी घरोघरी टीव्हीसुद्धा नव्हता. गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस अमेरिकेत आली १९७१ मध्ये. मोबाइलचं तर बोलायलाच नको.

पण आईला बोल लावायला मोबाइलची गरज कुठे होती? हा दोष जन्मजात दिसतो, असं कॅनर यांनी त्या पहिल्या निबंधातच म्हटलं होतं. पुढे मात्र तेच या मुलांच्या आईबापांच्या थंडपणाबद्दल लिहू-बोलू लागले, न वितळणाऱ्या फ्रिजची उपमा देऊ लागले. त्यांच्याकडे यायची ती बहुतेक शिकली-सवरलेली, पैसे खर्चू शकणारी माणसं. त्यामुळे हा शिकलेल्या घरांचा आजार, असाही एक समज तेव्हाच पसरला. कहर केला तो शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी. १९६७च्या पुस्तकात त्यांनी सरळ लिहिलं की मूल नसतं तर बरं, या पालकांच्या सुप्त इच्छेतून हे घडतं. स्वतः नाझींच्या छळछावणीत राहिलेला हा माणूस. तिथल्या कैद्यांची आणि या मुलांची त्याने तुलना केली. मग छावणीच्या पहारेकऱ्याच्या जागी कोण आलं असेल, ते तूच ताड. एका पिढीतल्या हजारो बायका हे ओझं घेऊन जगल्या.

बेटेलहाइम यांच्या पुस्तकाआधीच, १९६४ मध्ये, अमेरिकी नौदलात नोकरी करणाऱ्या बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने या समजाची चिरफाड केली होती. त्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न. मूळ शरीरात, मेंदूत आहे, संगोपनात नाही, हे त्याने पुस्तकभर पुरावे देऊन मांडलं. १९६९ मध्ये कॅनर स्वतः पालकांच्या मेळाव्यात उभे राहिले आणि त्यांनी आईबापांना जाहीरपणे निर्दोष सोडलं. १९७७ मध्ये फोल्स्टाइन आणि रटर यांनी ब्रिटनमधली जुळी तपासली. हुबेहूब जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघंही स्वमग्न निघाले. वेगवेगळ्या चेहऱ्यामोहऱ्याच्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकाही जोडीत नाही. दोन्हीकडे आई तीच, घर तेच, दूध तेच. फरक होता तो आनुवंशिक साम्यात.

लसीचं थोडक्यात. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड याने 'लॅन्सेट'मध्ये बारा मुलांवर लेख लिहून या लसीकडे बोट दाखवलं आणि जगभर घबराट उडवली. लस कंपन्यांविरुद्ध दावा लढवणाऱ्या वकिलांकडून त्याला पैसे मिळत होते, हे ब्रायन डीअर या पत्रकाराने शोधून काढलं. २०१० मध्ये लेख मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी त्याची डॉक्टरकीची सनदही गेली. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास झाला. लसीचा संबंध सापडला नाही. बोलणं मागे पडल्याचं ज्या वयात लक्षात येतं, त्याच वयात लस टोचलेली असते, म्हणून संशय येतो इतकंच.

मोबाइलबाबत तुझं निम्मं खरं आहे. पडद्यासमोर तासन् तास बसलेलं पोर गप्पांना मुकतं, तेव्हा तो कमी करायलाच हवा. पण पडद्याने स्वमग्नता येते, याला पुरावा नाही. ज्या मुलाला माणसांचे सतत बदलणारे चेहरे अवघड जातात, त्याला तेच ते गाणं पन्नासदा वाजवणारं यंत्र जास्त भावत असेल, अशीही शक्यता आहे.

तू वेखंड उगाळून जिभेला लावलंस, दृष्ट काढलीस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. 'मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला' हे वाक्य मात्र आपल्याकडे अनेक घरांत वर्ष-वर्ष खातं. ऐकू येतं की नाही याची तपासणी आणि बालविकास तज्ज्ञांची भेट दीड-दोन वर्षांच्या मुलाचीही होऊ शकते. तुझ्या सुनेने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि तरीही ती तपासणी करून घेतली. शाबासकी द्यायची ती तिला.

समोरच्या काकू म्हणतात की ही मुलं गणितात अचाट असतात. हा 'रेन मॅन'चा परिणाम! १९८८च्या त्या सिनेमातलं पात्र ज्या किम पीकवरून सुचलं, तो स्वतः स्वमग्न नसावा, असं पुढे जाणकारांनी सांगितलं. बहुतेक स्वमग्न मुलांकडे असली जादू नसते, आणि ती नसली म्हणून काही अडतही नाही.

'त्याला माया कळत नाही, कुशीत येत नाही,' हे तू लिहिलंस तेव्हा मला टेंपल ग्रँडिन आठवल्या. जवळजवळ चार वर्षांच्या होईपर्यंत त्या बोलल्या नव्हत्या. कुणी मिठी मारली की स्पर्शाचा लोंढा त्यांना सोसायचा नाही, पण अंगावर दाब मात्र हवासा वाटायचा. तरुणपणी त्यांनी स्वतःच फळ्यांचं एक यंत्र बनवलं, दाब आपल्या हाताने कमीजास्त करता येईल असं. पुढे त्या कोलोराडोच्या विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. तुझा नातू मिक्सर लागला की कान झाकून ओरडतो, तो हट्ट नव्हे. त्याला तो आवाज खरोखर सोसत नाही. आधी सांगून मिक्सर लाव, फरक पडतो का बघ.

आणि त्याच्याशी मराठीत बोल. घरात फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी पोर गोंधळेल, असं मुलाला-सुनेला कुणीतरी सांगितलंय म्हणून तू गप्प बसतेस, हे मला मुळीच पटलं नाही. कॅनडातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक आणि दोन भाषांच्या घरांतली स्वमग्न मुलं तुलना करून पाहिली. दोन भाषांमुळे जास्तीचा उशीर दिसला नाही. आजी मुकी करून कुठलं पोर बोलायला लागणार?

आता मुद्द्याचं. तू ठेव मोडून त्याला स्टेम सेलचं इंजेक्शन द्यायचं म्हणतेस. मोडू नकोस. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये असं सांगितलं आहे. शरीरातले जड धातू काढण्याचा असाच एक उपाय करताना २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांचा एक मुलगा दगावला. मुळापासून बरं करणारं औषध आज नाही. शिकवण्याचा, बोलतं करण्याचा, रोजची कामं जमवण्याचा उपयोग मात्र होतो. डोनाल्ड पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीला लागला, सत्ताविसाव्या वर्षी गाडी शिकला, गोल्फ खेळला, जग फिरला आणि २०२३ मध्ये ८९ वर्षांचा होऊन गेला. सगळ्यांचं असं होतं असं नाही. त्याला गावाने सांभाळून घेतलं, हेही तितकंच खरं.

ठेवीचं व्याज दर महिन्याला वाणी-उपचाराच्या फीसाठी सुनेच्या खात्यावर घाल. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, तेव्हा त्याचं प्रमाणपत्र काढायला मुलाला आठवण कर, शाळाप्रवेशाला लागेल. आणि हे पत्र लपवून ठेवू नकोस, सुनेलाच वाचायला दे.

तुझा धाकटा भाऊ