आपुलकीस व्यवस्थेची जोड

घरांतील आजार आणि घरांतील पैशाची अडचण या दोन गोष्टी उंबरठ्याबाहेर जाऊं द्यावयाच्या नाहींत, असें वळण आपणांपैकीं बहुतेकांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. एकत्र कुटुंबांत याचा जाच फारसा होत नाहीं. काकांचें औषध पुतण्याच्या पगारांतून येतें, आणि रात्रीं उशाशीं बसावयास कोणी ना कोणी असतोच. परंतु ज्याचें आयुष्य मैदानावर दुसऱ्यांचीं मुलें घडविण्यांत गेलें, त्याचें कुटुंब घराच्या चार भिंतींहून मोठें असतें. असा मनुष्य अंथरुणास खिळला म्हणजे त्याची चिंता कोणीं वाहावी, हा प्रश्न अंशुमान गायकवाड यांच्या अखेरच्या आजारानें आम्हांपुढें उभा केला.

अंशुमान हे बडोद्याच्या मराठी घराण्यांतले. त्यांचे वडील दत्ताजीराव यांनीं १९५९ सालीं इंग्लंडांत भारतीय क्रिकेट संघाचें नेतृत्व केलें होतें. अंशुमान स्वतः ४० कसोटी सामने खेळले. १९७६ सालीं किंग्स्टन येथें, ८१ धावांवर असतां, मायकेल होल्डिंग यांचा उसळता चेंडू त्यांच्या कानावर आदळला व त्यांना मैदान सोडून रुग्णालयांत जावें लागलें. तोच मनुष्य १९८३ सालीं जालंदरास पाकिस्तानविरुद्ध ६७१ मिनिटें पाय रोवून उभा राहिला आणि २०१ धावा करूनच परतला. पुढें ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. फेब्रुवारी १९९९ मध्यें दिल्लीस अनिल कुंबळे यांनीं एका डावांत दहाही गडी बाद केले, तेव्हां संघाची शिकवण गायकवाडांकडेच होती.

अशा धीराच्या पुरुषास रक्ताच्या कर्करोगानें गांठलें. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयांत उपचार सुरू झाले. परदेशांतील तो खर्च कोणत्याही सुस्थित गृहस्थास पेलण्यापलीकडचा होय. जुने सहकारी संदीप पाटील भेटीस गेले असतां गायकवाडांनीं पैशाची निकड त्यांच्यापाशीं बोलून दाखविली. हे शब्द उच्चारतांना त्यांस काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. होल्डिंगच्या चेंडूपुढें छाती पुढें करणें एक वेळ सोपें! पाटलांनीं ही गोष्ट वृत्तपत्रांतील आपल्या लेखांतून लोकांपुढें मांडली. दिलीप वेंगसरकरांसह नियामक मंडळाच्या खजिनदारांकडे शब्द टाकला. कपिल देव यांनीं तर आपलें निवृत्तिवेतन देण्याचीही तयारी जाहीर केली. सुनील गावसकर, मोहिंदर अमरनाथ, मदनलाल, रवि शास्त्री, कीर्ति आझाद हेही निधि उभारण्यास पुढें आले. १४ जुलै २०२४ रोजीं मंडळानें एक कोटि रुपयांची मदत जाहीर केली. आणि ३१ जुलै रोजीं, वयाच्या ७१ व्या वर्षीं, गायकवाडांनीं बडोद्यास देह ठेवला. मध्यें अवघे सतरा दिवस गेले.

धांवून आलेलीं हीं नांवें पुन्हां एकदां वाचावीं. हे सारे १९८३ च्या विश्वचषक विजयाचे मानकरी. त्या वेळीं आमच्या विदर्भांतील, नागपूरचे एन. के. पी. साळवे मंडळाचे अध्यक्ष होते. विजयी वीरांस बक्षीस देण्याइतकेंही द्रव्य मंडळापाशीं नव्हतें. तेव्हां लता मंगेशकर दिल्लीस विनामोबदला गाइल्या, आणि त्या उत्पन्नांतून प्रत्येक खेळाडूच्या हातीं एक एक लाख रुपये पडले. घेतलेल्या उपकाराची फेड देणाऱ्याकडेच करावी लागते असें नाहीं. ती पुढच्या गरजवंताकडे चालती करावी, हें त्या मंडळींनीं दाखवून दिलें. विश्वचषकाच्या त्या संघांत स्वतः गायकवाड नव्हते, हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्या आपुलकीचें मोल अधिकच वाटतें.

तथापि एक गोष्ट मनास टोंचते. २०१९ सालीं माजी खेळाडूंची संघटना स्थापन झाली, तेव्हां तिचे प्रतिनिधि म्हणून मंडळाच्या सर्वोच्च परिषदेवर गायकवाडच निवडून गेले होते. माजी खेळाडूंचें गाऱ्हाणें वेशीपर्यंत नेणें हें ज्याचें काम, त्यासच अखेरीस स्वतःसाठीं तोंड उघडावें लागलें. येथें उणीव आपुलकीची नव्हती. ती आयत्या वेळीं गोळा करावी लागली, हीच उणीव.

याउलट एक उदाहरण पाहण्याजोगें आहे. १९६२ सालीं बार्बाडोस येथें आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यास चेंडू लागून जीव धोक्यांत आला. चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनीं रक्त दिलें. प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनींही दिलें. ही आठवण नुसती आळवीत न बसतां बंगालच्या क्रिकेट संघटनेनें १९८१ पासून ३ फेब्रुवारी या दिवशीं रक्तदानाचा परिपाठ घातला. एका क्षणाच्या औदार्यास त्यांनीं नियमाचें रूप दिलें.

हें झालें कसोटीच्या थोर जगाचें. आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत, वणी-पुसदपासून दारव्हा-उमरखेडपर्यंत, गांवोगांवच्या महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाचे संचालक आहेत. अमरावतीस १९१४ सालीं स्थापन झालेल्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें विदर्भांत व्यायामाची जी गोडी लाविली, तिचे वारसदार म्हणजे हेच गुरुजन. याच जिल्ह्यांतील अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनीं गोलंदाजी करतात. २०२१ सालीं मणिपूरविरुद्ध त्यांनीं चार षटकांत एकही धाव दिली नाहीं. दुसऱ्याही हातानें चेंडू टाकून पाहा, असें सुचविणारे त्यांचे प्रशिक्षकच. अशा शिक्षकांमागें कोटि देणारें मंडळ नसतें. असतात ते त्यांचे विद्यार्थी.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक महाविद्यालयाच्या जुन्या खेळाडूंनीं दरसाल थोडी वर्गणी एका विश्वासू मनुष्याच्या हातीं ठेवावी. गुरुजींच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरला गेला कीं नाहीं, याची चौकशी दिवाळीच्या फराळाइतकी नेमानें व्हावी. नागपुरास वा सेवाग्रामास उपचारासाठीं जावें लागलें तर सोबत कोण जाणार, रक्त कोण देणार, घरीं बाईंजवळ कोण राहणार, हें आधींच ठरलेलें असावें. द्रव्य द्यावयाचें तें गाजावाजा न करतां, घरांतील धाकट्यानें वडीलधाऱ्यांच्या उशाशीं ठेवावें तसें ठेवावें.

गुरूनें मागावें व शिष्यांनीं द्यावें, ही गुरुदक्षिणेची जुनी रीत खरी. परंतु आजारी गुरूवर मागण्याची पाळी येऊं न देणें, ही त्याहून मोठी दक्षिणा होय.